निघालेले आणि राहिलेले

कलकत्त्याहून फिजीला जाणाऱ्या प्रत्येक मजुराच्या नावाने एक छापील परवाना भरला जाई. वर जहाजाचं नाव, डेपोतला क्रमांक, नोंदणीचं ठिकाण आणि तारीख. मग मजुराचं नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, ठाणं, गाव. उंची फूट-इंचांत. अंगावरची खूण: कपाळावरचा व्रण, हातावरचं गोंदण, असं काहीतरी. सोबत नवरा किंवा बायको असेल तर त्याची नोंद, आणि मागे राहिलेल्या एका नातलगाचं नाव. खाली डॉक्टरची आणि स्थलांतर खात्यातल्या अधिकाऱ्यांची सही. एकोणिसाव्या शतकातल्या गरीब हिंदी माणसाविषयी इतका नेटका, माणसागणिक लिहिलेला कागद दुसरीकडे क्वचितच सापडतो. पण त्यावर एक रकाना नाही. हा माणूस घर सोडून का निघाला, याची नोंद करायला जागाच ठेवलेली नव्हती.

हे पुस्तक त्या नसलेल्या रकान्याविषयी आहे. विषय गिरमिटियांचा, म्हणजे ठरावीक वर्षांच्या करारावर ब्रिटिश, फ्रेंच आणि डच वसाहतींतल्या मळ्यांवर गेलेल्या हिंदी मजुरांचा. मराठी वाचकाला गिरमिटिया भेटतो तो बहुधा गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्यात. फाटक्या कपड्यांनी, रक्ताळलेल्या तोंडाने, फेटा हातात धरून डरबनच्या कचेरीत उभा राहिलेला बालसुंदरम् आपल्याला आत्मकथेमुळे ठाऊक आहे. म्हणजे तो आपल्यापुढे येतो तेव्हा आधीच तिथे पोचलेला असतो, मार खाल्लेला असतो, दाद मागत असतो. त्याच्या आधीची गोष्ट, मद्रासकडचं गाव ते नाताळचं बंदर या मधली, आपण कधी विचारलेली नसते. मला या पुस्तकात त्या आधीच्या गोष्टीपाशी थांबायचं आहे.

नव्या वाचकासाठी आधी या प्रदेशाची सरहद्द आखून घेऊ. ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८३३ साली झाला आणि १८३४पासून अंमलात येऊ लागला. मॉरिशसमध्ये तो १८३५च्या फेब्रुवारीत लागू झाला. मळेवाल्यांपुढचा प्रश्न सरळ होता. साखरेला विलायतेत गिऱ्हाईक होतं. १८२५ साली मॉरिशसच्या साखरेवरची जकात वेस्ट इंडिजच्या बरोबरीची केली गेली होती, त्यामुळे त्या बेटावर ऊस झपाट्याने पसरत होता. मुक्त झालेले गुलाम मात्र जुन्या मालकाच्या शेतात पुन्हा राबायला तयार नव्हते, आणि का असावेत? मग मालकांची नजर कलकत्त्याकडे वळली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' नावाचं जहाज पोर्ट लुईच्या बंदरात लागलं. त्यात ३६ मजूर होते, मुख्यतः छोटा नागपूरच्या डोंगराळ मुलखातले, पाच वर्षांच्या करारावर, महिना पाच रुपये पगाराने आलेले. १८३८च्या मे महिन्यात 'व्हिटबी' आणि 'हेस्परस' ही जहाजं ब्रिटिश गयानात पोचली. तिथल्या मळ्यांसाठी माणसं मागवणाऱ्यांत जॉन ग्लॅडस्टन हा मोठा मळेवाला होता. पुढे चार वेळा इंग्लंडचा पंतप्रधान झालेल्या विल्यम ग्लॅडस्टनचा तो बाप.

या भरतीतल्या फसवणुकीविरुद्ध कलकत्त्यात आणि लंडनमध्ये ओरड झाली. १८३९ साली भरती बंद करावी लागली, १८४२ साली मॉरिशससाठी पुन्हा सुरू झाली, आणि मग थांबली नाही. त्रिनिदाद १८४५, नाताळ १८६०, डच सुरिनाम १८७३, फिजी १८७९. शिवाय जमैका, आणि फ्रेंचांची रेयुनियों, ग्वादलूप, मार्तिनिक. भरती थांबली १९१७ साली आणि फिजीतले उरलेसुरले करार रद्द झाले १ जानेवारी १९२० रोजी. या काळात मॉरिशसला सुमारे साडेचार लाख माणसं गेली, ब्रिटिश गयानाला सुमारे २ लाख ३९ हजार, नाताळला दीड लाख, त्रिनिदादला १ लाख ४४ हजार, फिजीला साठ हजारांवर, सुरिनामला ३४ हजार. सगळी बेरीज तेरा लाखांच्या आसपास जाते.

हा आकडा मोठा वाटतो, पण त्या काळाच्या एकूण हालचालीत तो लहान आहे, आणि हे भान सुरुवातीलाच असलेलं बरं. इतिहासकार अ‍ॅडम मकिओन यांनी २००४ साली १८४६ ते १९४० या काळातल्या जागतिक स्थलांतराचा हिशेब मांडला. युरोपातून अमेरिका खंडांकडे गेलेले साडेपाच कोटींहून अधिक लोक इतिहासाच्या पुस्तकांत ठळक असतात, पण हिंदुस्थान आणि दक्षिण चीनमधून आग्नेय आशियाकडे व हिंदी महासागराच्या काठांकडे, तसंच उत्तर चीन आणि रशियातून मांचुरिया-सायबेरियाकडे झालेली स्थलांतरं जवळपास तेवढीच मोठी होती, हे त्यांनी दाखवलं. हिंदुस्थानातून बाहेर पडलेली माणसं सुमारे तीन कोटी भरतात. त्यांतले बहुतेक गेले ब्रह्मदेश, सिलोन आणि मलाया इथे, कंगाणी आणि मेस्त्री नावाच्या मुकादमांच्या हाताखाली, आणि त्यांतले बरेचसे परतले. करारावर साता समुद्रापार गेलेले त्यांत दहांतला एकही भरत नाहीत. मग पुस्तक त्यांच्याविषयीच का? एक तर त्यांच्यामागे कागद उरला आहे. दुसरं म्हणजे त्यांच्यातले बहुसंख्य परत आले नाहीत, आणि त्यांनी आज पाच-सहा देशांचा चेहरामोहरा घडवला आहे.

लोक देश का सोडतात यावर विचार करणारं शास्त्र साधारण याच काळात जन्मलं. ई. जी. रॅव्हनस्टाइन यांनी १८८५ साली ब्रिटिश जनगणनेच्या आधारे स्थलांतराचे 'नियम' मांडले: माणसं बहुधा जवळच जातात, टप्प्याटप्प्याने जातात, प्रत्येक प्रवाहाला एक उलटा प्रवाह असतो. १९६६ साली एव्हरेट ली यांनी घर सोडायला लावणारी कारणं आणि नव्या जागेकडे खेचणारी कारणं अशी मांडणी पक्की केली, आणि शाळेच्या पुस्तकांपर्यंत तीच पोचली. अमेरिकेत ऑस्कर हँडलिन यांनी १९५१ साली स्थलांतरिताला मुळासकट उपटलेला माणूस म्हणून पाहिलं. १९८५ साली जॉन बोडनार यांनी त्याला उत्तर देताना सांगितलं की ही माणसं उपटली गेलेली नव्हती. घरचं कुटुंब, गावची ओळख, हिशेब, सगळं बरोबर घेऊन ती नव्या जमिनीत रुजत होती. हा वाद आयरिश, इटालियन आणि पोलिश लोकांविषयीचा, पण गिरमिटियांच्या अभ्यासातही तो जवळजवळ जसाच्या तसा उमटला आहे.

तिथे पहिली बाजू सरकारची. १८८२ साली मेजर पिचर यांनी वायव्य प्रांत आणि अवधमध्ये, तर १८८३ साली जॉर्ज ग्रिअर्सन यांनी बिहार-बंगालात चौकशी करून अहवाल लिहिले. भारतीय भाषांच्या सर्वेक्षणामुळे आपण ज्यांना ओळखतो तेच हे ग्रिअर्सन. दोघांनी गावोगाव फिरून, नोंदवह्या चाळून, परतलेल्यांशी बोलून लिहिलं, म्हणून हे अहवाल आजही वाचनीय आहेत. पण त्यांच्यामागचं गृहीतक पक्कं होतं: इथे माणसं जास्त आणि काम कमी, तिथे उलट, तेव्हा स्वखुशीने होणारी ही देवाणघेवाण दोघांच्या हिताची. अडचण असलीच तर दलालांच्या बेशिस्तीची.

या गृहीतकाला सगळ्यात नेमका तडा दिला तो कोतळूकच्या एका कोकणी माणसाने. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१० साली नाताळसाठीची भरती बंद करण्याचा ठराव वरिष्ठ कायदेमंडळात मांडला आणि तो मान्य झाला. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी ही पद्धतच सर्वत्र बंद करावी असा ठराव आणला, तो सरकारी बहुमतापुढे पडला. ते भाषण वाचताना जाणवते ती त्यांची शिस्त. ते रडत नाहीत, आरडाओरडा करत नाहीत. ते करार उलगडून ठेवतात: हा माणूस अशा देशात जायला बांधला जातो ज्याची भाषा त्याला येत नाही, अशा मालकाकडे ज्याची निवड त्याने केली नाही, आणि अशा कायद्याखाली जो त्याला कुणी समजावून सांगितलेला नाही. काम चुकवलं तर दिवाणी दावा होत नाही, फौजदारी शिक्षा होते. संमती होती, असं सरकार म्हणतं. मग ती कशाला दिलेली संमती होती, असा गोखल्यांचा प्रश्न. इतक्या वर्षांनंतरही मला याहून चांगला प्रश्न सापडलेला नाही. पुढे १९१६ साली मदनमोहन मालवीयांचा ठराव सरकारने तत्त्वतः स्वीकारला, आणि चार्ल्स अँड्र्यूज व विल्यम पिअर्सन यांच्या फिजी अहवालाने उरलेली लाज काढली. त्याआधी, १९१४ साली, फिजीहून परतलेल्या तोताराम सनाढ्य यांच्या आठवणी हिंदीत निघाल्या होत्या. त्या बनारसीदास चतुर्वेदी यांनी शब्दबद्ध केल्या आणि गावोगाव वाचल्या गेल्या.

विद्यापीठीय इतिहासात हीच बाजू १९७४ साली ह्यू टिंकर यांनी भक्कम केली. गिरमिट, म्हणजे ही करारपद्धत, गुलामगिरीची नवी आवृत्ती होती, हे त्यांच्या पुस्तकाचं म्हणणं त्याच्या नावातच आहे. १९८३ साली ब्रिज लाल यांनी त्याला धक्का दिला. ते स्वतः फिजीतले, गिरमिटियाचे नातू. उत्तर हिंदुस्थानातून फिजीला गेलेल्या ४५ हजारांवर माणसांचे, मी सुरुवातीला वर्णन केलेले परवाने त्यांनी एकेक करून संगणकावर चढवले. चित्र अनपेक्षित होतं. गेलेले सगळे गावाने ओवाळून टाकलेले, जातीच्या उतरंडीत तळाचे, असा समज होता, प्रत्यक्षात तो ग्रामीण समाजाचा जवळजवळ आडवा छेद निघाला. त्यांत ब्राह्मण होते, ठाकूर होते, कुर्मी, अहीर, चांभार होते, मुसलमान होते. बस्ती, गोंडा, फैजाबाद, आजमगढ हे जिल्हे पुन्हा पुन्हा येत होते. आणि अनेकांची नोंदणी स्वतःच्या जिल्ह्याबाहेर झालेली होती. म्हणजे दलालाने त्यांना गाठलं तेव्हा ते घरात नव्हतेच. ते आधीच निघालेले होते.

या एका निष्कर्षाने प्रश्न पालटला असं मला वाटतं. आपण कल्पना करतो ती शेताच्या बांधावर उभा शेतकरी आणि त्याला भुलवणारा अरकाटी, म्हणजे भरतीचा दलाल, अशी. प्रत्यक्षात भोजपुरी मुलखातून पूरबेला जायची वाट पिढ्यान्‌पिढ्यांची होती. कुणी कंपनीच्या फौजेत, कुणी कलकत्त्याला पालखी उचलायला, कुणी हुगळीकाठच्या तागाच्या गिरण्यांत, कुणी आसामच्या चहामळ्यांत. त्या वाटेवरच्या धर्मशाळेत, स्टेशनात, तीर्थाच्या ठिकाणी, काम न मिळता हिंडणाऱ्या माणसाला अरकाटी भेटे. बेटाचं अंतर त्याने सांगितलेलं नसे. लोकस्मृतीत सुरिनाम 'श्रीराम देश' झाला, मॉरिशस 'मिरीच देश', त्रिनिदाद 'चिनीदाद', हे उगाच नाही.

ती माणसं आधी गावाबाहेर का पडली होती, याचं उत्तर एका कारणात बसत नाही. १७९३च्या कायमधाऱ्याने बंगाल-बिहारात जमीनदारांचे हक्क पक्के झाले आणि कुळं मोकळ्या आभाळाखाली आली. गावच्या विणकऱ्याला मँचेस्टरच्या कापडाने बसवलं. छोटा नागपुरात बाहेरच्या ठेकेदारांनी आदिवासींच्या जमिनी गिळल्या, आणि सुरुवातीच्या जहाजांत तिथलीच माणसं जास्त होती, हा योगायोग नव्हे. १८३७-३८, १८६०-६१, १८६६, १८७३-७४, १८७६-७८, १८९६-९७ अशी दुष्काळांची रांग लागली. भरतीचे आकडे अनेकदा दुष्काळामागोमाग वर जातात. पण नेहमी नाही, आणि जिथे जात नाहीत तिथे बघणं जास्त शिकवून जातं. दुष्काळात अगदी नागवला गेलेला माणूस वैद्यकीय तपासणीत नापास होई. निघू शकत असे तो, ज्याच्या अंगात अजून काम करायची ताकद शिल्लक होती. १८५७नंतरच्या दोन वर्षांत मॉरिशसला उतरणाऱ्यांची संख्या एकदम फुगली. बंडात सापडलेल्या मुलखातली पळापळ हे त्याचं एक कारण, पण त्याच वर्षांत बेटावरचे मळेही पसरत होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

बायकांचा प्रश्न याहून वेगळा. शंभर पुरुषांमागे चाळीस बायका हव्यात असा नियम पुढे आला, त्यामुळे दलाल बायकांच्या शोधात असत. जुन्या लिखाणात, सरकारी आणि राष्ट्रवादी दोन्ही, या बायका एक तर वाईट चालीच्या ठरतात किंवा भोळ्या, पळवून नेलेल्या. ब्रिज लाल यांच्या परवान्यांत दिसलं की फिजीला गेलेल्या बायकांपैकी निम्म्याहून अधिक एकट्या निघाल्या होत्या. विधवा, टाकलेल्या, सासुरवासाला कंटाळलेल्या, दुष्काळात घरच्यांपासून तुटलेल्या. २०१३ साली गायुत्रा बहादूर यांनी आपल्या पणजीचा माग काढत लिहिलेलं पुस्तक या बाबतीत सगळ्यात पुढे गेलेलं आहे. १९०३ साली गरोदर अवस्थेत, एकटीच कलकत्त्याहून ब्रिटिश गयानाच्या जहाजावर चढलेली ही बाई का निघाली, याचं नक्की उत्तर त्यांना मिळत नाही, आणि त्या ते रचतही नाहीत. फसवणूक आणि सुटका या दोन्ही शक्यता त्या शेवटपर्यंत उघड्या ठेवतात. विधवेला केशवपन करून अंधारात बसवणाऱ्या समाजाने तिच्या परदेशी जाण्यावर चारित्र्याचा शिक्का मारावा, याचा राग आल्याशिवाय हे वाचता येत नाही.

मॉरिशसपुरतं मरिना कार्टर यांच्या १९९०च्या दशकातल्या संशोधनाने आणखी एक बाजू उघड केली. करार संपवून परत आलेला माणूस, तिथला सरदार म्हणजे मुकादम, गावी येऊन आपले भाऊबंद, शेजारी घेऊन पुन्हा जात असे. म्हणजे सगळेच अजाण नव्हते. हे वाचून काही अभ्यासक दुसऱ्या टोकाला गेले आणि गिरमिट हा गरिबाने विचारपूर्वक केलेला फायद्याचा सौदा होता असं सुचवू लागले. मला ते पटत नाही. १८५६-५७च्या हंगामात कलकत्त्याहून कॅरिबियनकडे निघालेल्या जहाजांवर शंभरांतली सरासरी सतरा माणसं वाटेतच मेली. माणूस विचार करून निघाला एवढ्याने त्याच्यापुढच्या वाटा रुंद होत नाहीत.

आता मी ज्यासाठी हे पुस्तक लिहिलं त्याकडे येतो. आपण विचारतो, ही माणसं मायभूमी सोडून परक्या देशात वसायला का गेली? हा प्रश्नच दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधतो. ती वसायला गेली नव्हती. बहुतेकांच्या डोक्यात पाच वर्षं होती, फार तर दहा. चार पैसे गाठीला बांधून परत यायचं, गहाण पडलेली जमीन सोडवायची, बहिणीचं लग्न उरकायचं. निघणं हा एक निर्णय होता आणि राहणं हा दुसरा, अनेक वर्षांनी, दुसऱ्या जागी, दुसऱ्या कारणांनी झालेला. काही वेळा तो निर्णयही नव्हता.

राहण्याची कारणं शोधायला म्हणून बिहारात नव्हे, बेटांवर जावं लागतं. मॉरिशसने परतीचं मोफत तिकीट १८५०च्या दशकाच्या सुरुवातीलाच काढून घेतलं. आता परतायचं तर पदरमोड करून. जो मजूर नवा करार करत नसे त्याला 'जुना स्थलांतरित' म्हणून पास बाळगावा लागे, आणि १८६७च्या कायद्याने त्या पासावर फोटो सक्तीचा झाला. पास नसला तर भटक्या म्हणून अटक. १८७१ साली आदोल्फ द प्लेविट्झ या मळेवाल्याने ९,४०१ जुन्या मजुरांच्या नावाने गव्हर्नरकडे अर्ज दिला, त्यावर शाही आयोग नेमला गेला आणि जुलमाचा तपशील छापून आला. ते फोटो आज मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. धरपकडीसाठी काढलेल्या त्या फोटोंत मॉरिशसची माणसं आज आपल्या खापरपणज्याचा चेहरा शोधतात.

त्रिनिदादची तऱ्हा उलटी. तिथे १८६९पासून परतीच्या तिकिटाच्या बदल्यात दहा एकर सरकारी जमीन देऊ केली गेली. ही योजना आणणारे गव्हर्नर आर्थर गॉर्डन पुढे मॉरिशसला गेले आणि मग फिजीला, आणि फिजीत हिंदी मजूर आणण्याचा निर्णय त्यांचाच. एका अधिकाऱ्याच्या बदल्यांच्या वाटेवर हजारो कुटुंबांचं भवितव्य कसं फिरलं, याचा माग काढण्यासारखा आहे. नाताळने तिसरीच युक्ती केली. १८९५च्या कायद्याने करार संपवून स्वतंत्र राहू पाहणाऱ्यावर वर्षाला तीन पौंडांचा कर बसवला, म्हणजे त्याने एक तर पुन्हा गुलामीत शिरावं किंवा देश सोडावा. तरी लोक राहिले, आणि १९१३च्या संपात उतरले. १९१४ साली तो कर रद्द झाला.

आणि परत आलेल्यांचं काय झालं? एकूण गेलेल्यांपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश परतले. जातीने त्यांना घेतलं नाही, प्रायश्चित्ताच्या नावाखाली कमाई खाल्ली, भावांनी जमिनीची वाटणी आधीच करून टाकली होती. बेटावर जातीबाहेर लग्न केलेल्यांची मुलं गावाला नको होती. १९२०च्या दशकात कलकत्त्याच्या मटियाबुर्ज भागात अशी शेकडो माणसं पुन्हा ब्रिटिश गयाना किंवा फिजीला नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत, हिवतापाने खंगत पडली होती. ज्या देशात त्यांना चाबकाने राबवलं गेलं तिथे ती परत जायला धडपडत होती. निघण्याच्या कारणांची कितीही चर्चा केली तरी या माणसांचं वागणं उलगडत नाही. त्यासाठी आपल्या गावाने त्यांच्याशी काय केलं तेच बघावं लागतं.

मराठी माणसाचा या इतिहासाशी थेट संबंध आहे, आणि तो मॉरिशसमधून जातो. १८४२च्या कायद्याने मुंबई बंदरही भरतीला खुलं झालं. रत्नागिरी, सावंतवाडी आणि घाटावरच्या भागातून माणसं तिथे गेली. कलकत्ता-मद्रासच्या तुलनेत ही संख्या बरीच लहान. खोतीत भरडलेलं, दोन पिकांच्या मधे रिकामं बसणारं, पलटणीच्या आणि मुंबईच्या कमाईवर जगायची सवय असलेलं कोकण हे भोजपुरी मुलखासारखंच आधीपासून बाहेर पडणारं होतं. मुंबईची भरती इतर दोन बंदरांच्या आधीच ओसरली. १८५०च्या दशकात मुंबईत कापडगिरण्या सुरू झाल्या आणि कोकणी माणसाला गिरणगावाची वाट जवळची झाली, हे त्याचं एक कारण असावं असं मी मानतो, आणि पुस्तकात ते तपासून पाहिलं आहे. गेलेले मात्र तिथलेच झाले. नोंदवहीत आडनाव लिहिण्याची पद्धत नव्हती, त्यामुळे आजोबांचं पाळण्यातलं नावच पुढे घराण्याचं आडनाव झालं. शाळेत मराठी शिकवली जाते, कोकणातली जाखडी तिथे 'झाकरी' म्हणून नाचली जाते, आणि गणेश चतुर्थीला सगळ्या देशाला सुट्टी असते. घरात बोलायची भाषा मात्र बहुतेकांची क्रिओल.

हा विषय आज पुन्हा हाताशी घ्यावा असं वाटण्याचं कारण मला दूर शोधावं लागलं नाही. बीडमधून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या जोडप्याला मुकादम आधी उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. उचल फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. पीक तेच, आगाऊ रक्कम तीच, मधला माणूस तोच. फरक एवढाच की हंगाम संपला की ते परत येतात. आखाती देशांत जाणाऱ्या, दहावीही न झालेल्या मजुराच्या पासपोर्टावर १९८३च्या कायद्यानुसार 'देशांतर मंजुरी आवश्यक' असा शेरा असतो. संरक्षक अधिकारी, परवाना, नोंदणीकृत दलाल ही सारी यंत्रणा गिरमिटाच्या काळात घडलेली आहे. तिथे गेल्यावर मालकाने पासपोर्ट काढून घेतला की काय होतं, हे आपण वर्तमानपत्रात वाचतोच. अशा वेळी 'स्वखुशीने गेला होता' हे वाक्य सहज उच्चारलं जातं. गोखल्यांचा १९१२चा प्रश्न तेव्हा मोठ्याने विचारायला हवा.

पुस्तकाच्या मांडणीविषयी थोडं. मी देशवार इतिहास लिहिलेला नाही, तसे ग्रंथ इंग्रजीत भरपूर आहेत. निघणं, प्रवास, करार, आणि मग राहणं किंवा परतणं या टप्प्यांना मी वेगवेगळं ठेवलं आहे आणि प्रत्येक टप्प्यावर त्या त्या वेळचे कागद आधी, नंतरच्या आठवणी मग, असा क्रम पाळला आहे. कारण नातवंडांना सांगितलेली गोष्ट आणि मॅजिस्ट्रेटपुढे दिलेली जबानी यांत फरक पडतो. दोन्ही माणसाच्याच तोंडच्या आहेत, पण वेगळ्या श्रोत्यासाठी बोललेल्या. अभिमन्यु अनत यांची 'लाल पसीना' किंवा अमिताव घोष यांची 'सी ऑफ पॉपीज' या कादंबऱ्यांनी अनेकांना या विषयाकडे आणलं आहे, मलाही. तरी पुरावा म्हणून मी कादंबरी वापरलेली नाही. पूर्व आफ्रिकेच्या रेल्वेवर गेलेले पंजाबी मजूर, ब्रह्मदेश आणि मलायाचे तमिळ-तेलुगू मजूर इथे फक्त तुलनेपुरते येतात. त्यांच्यावर मराठीत स्वतंत्र पुस्तक व्हायला हवं. मजुरांची नावं कागदात जशी लिहिली आहेत तशीच ठेवली आहेत, कारण ती 'शुद्ध' करायला गेलं की कारकुनाने काय ऐकलं हे पुसलं जातं.

सगळ्यात कच्चा भाग कोकणचा राहिला आहे. बेटावरच्या नोंदी आहेत, गावाकडच्या फार थोड्या मिळतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कुणाच्या घरी जुन्या वाटणीपत्रात, खोताच्या वहीत किंवा देवस्थानच्या हिशेबात समुद्रापार गेलेल्या एखाद्या भाऊबंदाचा उल्लेख असेल, तर तो साल आणि गावासकट उतरवून ठेवावा. विशेषतः त्याचा जमिनीतला हिस्सा कुणाच्या नावे आणि केव्हा चढला, हे नोंदवावं. तो परत येईल असं घरच्यांनी किती वर्षं धरून ठेवलं होतं, याचा अंदाज त्या तारखेवरून बांधता येतो, आणि तो परवान्यावरच्या कुठल्याही रकान्यातून बांधता येत नाही.